काठाला टवका गेलेला ग्लास

उमाठे सरांचा एकच हसरा फोटो मी पाहिला आहे, आणि तो पाच लिटरच्या डब्यावर आहे.

प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढली, पण कॅमेरा समोर आला की सरांचं तोंड कडू व्हायचं. निरोप समारंभाच्या फोटोतसुद्धा ते अंगावरच्या शालीकडे संशयानं बघत आहेत. डब्यावर मात्र दात दिसतात. मागे हिरवंगार शेत, अंगठा वर, आणि खाली ठळक अक्षरांत : 'मृदातज्ज्ञ उमाठे सर सांगतात, आता चर नको, जिप्सम नको!'

हे वाक्य सरांच्या ओळखीतल्या कोणालाही वाचून दाखवा. तो म्हणेल, दुसरे कोणी उमाठे असतील. मीही तेच म्हटलं होतं. म्हणून मला माहीत होते ते उमाठे सर आधी सांगते, डबा नंतर.

धरमपेठेत आमची माती तपासायची छोटी खासगी प्रयोगशाळा आहे. सर तिचे प्रमुख होते, आता ती मी सांभाळते. बुटके, अंगानं वाळलेले, शर्ट बाहेर, चष्मा कायम कपाळावर. बारीक बघायचं असलं की चष्मा वर जायचा आणि नाक वस्तूला टेकायचं. स्कूटरच्या डिक्कीत रेनकोट नसायचा, पण खुरपं असायचं, पावसाच्या पाण्याची बाटली असायची, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काचेचा ग्लास. टपरीवर चहाला असतो तसला, कंगोऱ्यांचा, काठाला टवका गेलेला. त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. धुवायचे स्वतः, पुसायचे स्वतःच्या रुमालानं. पावसाळ्यात गच्चीवर घमेली मांडून पाणी जमवायचे. नळाचं का चालत नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "नळाच्या पाण्यात मीठ असते. थे पाणी मातीले सांभाळून घेते."

ग्लासाचं काम असं. वावरातलं वाळलेलं ढेकूळ घ्यायचं, बोराएवढं, आणि पावसाच्या पाण्यात अलगद सोडायचं. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटलं तरी तळाशी बसतं, वरचं पाणी स्वच्छ राहतं. चोपण मातीचं ढेकूळ कडेनं धूर सोडायला लागतं आणि थोड्या वेळात ग्लासभर पाणी दुधाळ होतं. चोपण म्हणजे सोडियम धरून बसलेली जमीन. तिचे कण एकमेकांना सोडून देतात. ओली झाली की लोणी, वाळली की फरशी. पाणी आत मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी त्या ग्लासात काचकांडी फिरवली.

"हलवून काहून राहिली वं कल्पना?" मागून आवाज आला.

"नीट मिसळावं म्हणून, सर."

"चहा आहे का थो? हलवू नको. जे दिसाचं थे आपोआप दिसते."

माझा स्वभाव याद्यांचा. आज काय करायचं, काय राहिलं, कोणाला फोन, कोणती बाटली संपत आली, सगळं कागदावर. सर माझ्या टेबलावरची यादी उचलायचे आणि एखाद्या ढेकळासमोर धरायचे. "वाच गा," ढेकळाला सांगायचे. "मॅडमनं तुह्यासाठी लिहून ठेवलं आहे."

भीडमुर्वत त्यांना नव्हती. एकदा मोठ्या गाडीतून एक बागाईतदार आले. संत्र्याची बाग, पानं पिवळी पडलेली. ड्रायव्हरच्या हातात युरियाची रिकामी पिशवी, आणि तिच्यात मातीचा नमुना. सरांनी पिशवीत डोकावून तिचं तोंड परत बांधलं.

"हे घेऊन जा."

"काहून? माती आहे ना."

"तुमी माती आणली का खत आणलं, थे मले समजून नाही राहिलं."

बागाईतदार भडकले. आपली वरपर्यंत ओळख असल्याचं त्यांनी सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "मंग वरतीच तपासाले द्या." ते गेले. आणि दोनेक दिवसांनी कापडी पिशवीत, स्वतः खणलेली माती घेऊन परत आले. सरांनी त्यांना चहा पाजला. त्या ग्लासातून नाही.

कुहीच्या पलीकडच्या एका गावच्या शालूताई आमच्याकडे आल्या त्या अशाच कापडी पिशवीसह. नवरा नागपुरात गाडी चालवतो, शेती त्या आणि धाकटा दीर बघतात. पूर्वी धान व्हायचं. बोअर मारल्यावर उन्हाळ्यात मिरची घ्यायला लागले, आणि बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चट्टे पडले. चट्ट्यांवर काही उगवेना. नमुना बघून सर म्हणाले, "वावर पाहाले येतो," आणि मला मागे बसवून निघाले.

गावात पोहोचल्यावर शालूताई वावराकडे वळल्या, सर घराकडे. "आधी स्वयंपाकघर दाखवा."

शालूताई गोंधळल्या. सर चुलीपाशी उकिडवे बसले. "बोअरचं पाणी कसं आहे?"

"लई चांगलं जी," त्या अभिमानानं म्हणाल्या. "डाळ चटकन शिजते. साबण तर असा बुळबुळते का निघता निघत नाही."

"अन् भात?"

"भाताले काय झालं?"

"पिवळा होते का?"

"होते जी जरासा. मले वाटे तांदूळच तसा आहे."

"तांदूळ बिचारा का करन? पाण्यात सोडा आहे. डाळीले चांगला, मातीले नाही. बोअर मारल्यापासून तुमी वावर शिजवून राहिल्या."

शालूताईंना हसू आलं आणि लगेच त्यांनी तोंडावर पदर धरला. त्या क्षणी त्यांचा सरांवर विश्वास बसला, हे मला समोर दिसलं.

वावरात सर एका मिरचीच्या झाडापाशी गुडघ्यावर बसले. चष्मा वर. खालच्या पानांच्या कडा करपल्या होत्या, शेंडा हिरवा होता. "हे म्हातारं पान पाहा. मीठ यानं आपल्यात घेतलं, म्हणून शेंडा वाचला. हे जळन, गळन, मंग त्याच्या वरचं पान घेईन. झाड असंच निभवते. पण अशी पानं किती असते त्याच्यापाशी? मिरचीपाशी कमी. चना तर विचारूच नका. कपाशी बरीच सोसते. अन् धान सोसते, पाण्यात उभं राहते म्हणून. फक्त पऱ्हं कोवळं असताना लावाचं नाही, जून होऊ द्याचं."

दीर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होता. "सर, एखादी दवा सांगा ना. नाहीतर वीटभट्टीवाला माती मागूनच राहिला. वरची माती उचलून नेईन, कटकट खतम."

"वरची माती गेली तर मागं का राहीन गा? खड्डा. त्याच्यात म्हशी बसवशीन."

"मंग किती दिवस लागन?"

"तीन-चार वर्षं."

दीर हसला. "तीन-चार वर्षांत सरकार बदलते, सर."

"बदलू दे. तू चर बुजवू नको म्हंजे झालं." मग सर शालूताईंकडे वळले आणि त्याच्या देखत म्हणाले, "भट्टीले देऊ नका. मी सांगतो तसं करा. वावर सुधारलं नाही तर मले येऊन विचारजा. मी जबाबदार."

त्या शब्दावरच ते वावर टिकलं.

मग काम सुरू झालं. उताराच्या अंगाला खोल चर काढला, सुटलेलं मीठ वाहून जायला वाट हवी म्हणून. आमच्या तपासणीत जेवढं लागेल असं निघालं तेवढं जिप्सम, म्हणजे सोडियमची पकड सोडवणारी भुकटी, ट्रॉलीनं आणून मातीत मिसळलं. बोअर बंद, पावसाचं पाणी बांधीत अडवून मुरू दिलं. पहिल्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी ढेंचा पेरला आणि फुलावर येताना गाडला. मग जून पऱ्ह्यांचं, म्हणजे धानाच्या रोपांचं, रोवणं, एका जागी नेहमीपेक्षा दोन काड्या जास्त. जिप्समचा दुसरा हप्ता पुढे द्यायचा होता. दुसऱ्या हंगामाला चट्टे आकसले. शालूताईंनी त्या बांधीतल्या तांदळाचा भात डब्यातून प्रयोगशाळेत आणला. सरांनी डबा उघडून आधी नाक लावलं, मग चष्मा वर केला. "पांढरा आहे," म्हणाले, आणि मीठही न घेता सगळा खाल्ला.

याच काळात त्यांनी मला एक गोष्ट दाखवली होती. दोन ग्लासांत पाणी, एकात चिमूटभर जिप्सम. दोन्हींत त्याच चोपण मातीचं ढेकूळ. साधं पाणी दुधाळ झालं. जिप्समच्या पाण्यात ढेकूळ जसंच्या तसं, पाणी आरशासारखं. मी म्हटलं, "सर, हे शेतकऱ्यांना दाखवायला हवं."

"कधीच दाखवू नको," सर म्हणाले. "ग्लासात चिमूट पुरते, वावराले ट्रॉली लागते. ग्लास पाहून मानूस भुलते. ग्लास दाखवून कोणी काही विकाले आला तर त्याले पहिले वावरात ने."

निवृत्तीनंतर सर हुडकेश्वरच्या घरी राहायला गेले. फाटकावर पाटी लावली : 'माती आणा. सल्ला मोफत.' मी गेले तेव्हा व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या. पुसलेल्या, रिकाम्या. सर त्यांच्यासमोर बसले होते.

"येतं का कोणी?" मी विचारलं.

"येते ना. काल आला होता एक जण."

"काय म्हणत होता?"

"मागच्या गल्लीचा पत्ता विचारून राहिला होता."

आम्ही दोघं हसलो. मग ते म्हणाले, "तीन-चार वर्षं म्हटलं का मानूस उठते वं. बाटली म्हटली असती तर बसला असता." त्यावरही मी हसले. मला ती गंमत वाटली.

पुढच्या हिवाळ्यात शालूताई प्रयोगशाळेत आल्या. या वेळी कापडी पिशवीत माती नव्हती. त्यांनी पिशवीतून रिकामा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला, फोटो माझ्याकडे करून.

"मॅडम, हे आपले सरच होय ना?"

मी आधी नाही म्हटलं. मग फोटोतला चष्मा बघितला. कपाळावर होता.

गावात त्या डब्यातलं जमीन सुधारायचं औषध विकणाऱ्या कंपनीची गाडी आली होती. भोंग्यावर सरांचा आवाज : चर नको, जिप्सम नको, कोणतंही पाणी चालते, डबा पाण्यातून सोडा आणि त्याच हंगामात चना घ्या. शालूताईंनी आवाज ओळखला. सर म्हणतात म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं? दीर तर खूशच झाला. ट्रॅक्टरला आडवा येणारा चर त्यानं त्याच दिवशी बुजवला. जिप्समचा दुसरा हप्ता रद्द केला आणि बोअर सुरू झाली. चना मधूनमधून उगवला, पिवळा पडला, आणि चट्टे होते तिथे जळून गेला. मातीवर पुन्हा तेलकट काळपट पापुद्रा आला.

"दीरानं भट्टीवाल्याले होकार देऊन ठेवला," शालूताई म्हणाल्या. "उन्हाळ्यात माती उचलते म्हणे. मी म्हटलं, सर सांगतील तसं करू. तर म्हणते, सरानंच त सांगतलं होतं!"

मी सरांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. हुडकेश्वरला गेले तर खुर्च्या आत घेतलेल्या, फाटकाला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "सर आता घरी कुठी राहते? त्यायचा कार्यक्रम असते ना रोज."

नागपुरात शेतीचं प्रदर्शन भरलं तेव्हा शालूताई आणि मी गेलो. सर कुठे असतील हे शोधावं लागलं नाही. सगळ्यात मोठी गर्दी त्यांच्यासमोर होती. अंगात कंपनीचं निळं जाकीट, चष्मा नाकावर, हातात माईक. टेबलावर दोन ग्लास. उजवीकडचा नवा, लखलखीत. डावीकडचा कंगोऱ्यांचा, काठाला टवका गेलेला.

शालूताई गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या. पदराची गाठ सोडली आणि एक ढेकूळ सरांच्या समोर ठेवलं.

सरांचा हात आपोआप पुढे आला. चष्मा वर गेला, नाक ढेकळाला टेकलं. त्यांनी ते डावीकडच्या ग्लासात अलगद सोडलं आणि वाकून बघत राहिले. कडेनं धूर निघायला लागला. तेवढ्यापुरते ते आमचे सर होते. मग त्यांनी मान वर केली.

"शालूताई! धान कसं आहे?"

"धान नाही लावलं सर. चना लावला. डबा सोडला. चर बुजवला."

सरांनी माईक टेबलावर उलटा ठेवला.

"तुमी म्हणले होते, सुधारलं नाही तर येऊन विचारजा. आली विचाराले."

सर पुढे वाकले, आवाज खाली आणला. "चर उकरा. खालच्या अंगानं सुरू करा, वर या. बोअर बंद. राहिलेलं जिप्सम टाका अन् यंदा धानच लावा."

"थे मले समजते जी. दीराले समजत नाही. तुमी एक खेप चला. धुऱ्यावर उभं राहून त्याच्या पुढ्यात म्हणा का डबा चुकला, चर बरोबर होता. तुमच्या तोंडून ऐकन थो."

सरांनी कंपनीच्या माणसाकडे बघितलं. मग गर्दीकडे. "असं आता कसं म्हणू? माझा फोटो आहे त्याच्यावर."

"म्हणूनच तुमाले म्हणून राहिली ना."

मला राहवलं नाही. "सर, ग्लासात चिमूट पुरते, वावराला ट्रॉली लागते. कोणी शिकवलं हे मला?"

"कल्पना," सर म्हणाले, "जल्मभर चर चर करून राहिलो. थांबलं का कोणी ऐकाले? आता पाह्य." त्यांनी हनुवटीनं गर्दी दाखवली. "पाह्य तरी. किती जण उभे आहेत."

ते हसत होते. डब्यावरचंच हसू. मी त्या चेहऱ्यावर लोभ शोधला, नाइलाज शोधला, कोणी फसवून सही घेतली असेल तर तीही शोधली. त्यातलं काही सापडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिथे नुसता आनंद होता. त्या आनंदात एका बाईचं वावर गेलं तरी त्यांची हरकत नव्हती.

मला तेव्हा ती मिरचीची खालची पानं आठवली. इतकी वर्षं मी सरांना तसं एखादं पान समजत होते.

"मंग ग्लास द्या," शालूताई म्हणाल्या.

"अं?"

"तुमी नाही येत तर ग्लास द्या तुमचा. मी दाखवीन त्याले."

गर्दीतून कोणी तरी ओरडलं, "सर, पुढचं दाखवा ना!" सरांनी ग्लासातलं दुधाळ पाणी टेबलाखालच्या बादलीत ओतलं. रुमालानं ग्लास पुसला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळला नाही. तसाच ओला शालूताईंच्या हातात दिला. नजर गर्दीवरच. "घ्या, घ्या. न्या."

प्रयोगशाळेतून मी शालूताईंना पावसाच्या पाण्याची एक बाटली दिली. घमेली आता गच्चीवर मी मांडते. त्यांनी घरी अंगणात दीराला बसवलं आणि दोन ढेकळं दाखवली, एक चट्ट्यावरचं, एक जुन्या चराच्या काठचं, जिथे आदल्या वर्षी धान सगळ्यात दाट आलं होतं. पहिल्यानं पाणी दुधाळ केलं. मग ग्लास विसळून दुसरं सोडलं. ते फुटून तळाशी बसलं आणि पाणी तसंच राहिलं. भट्टीवाल्याला दीरानं पावसाळ्यानंतर ये म्हणून सांगितलं, असं त्या फोनवर म्हणाल्या. म्हणजे एक पावसाळा मिळाला. चर शालूताईंनी खालच्या अंगानंच उकरायला घेतला आहे. सांगणारा कोणीही असो, ते सांगणं बरोबर होतं.

सर त्यानंतर मला भेटलेले नाहीत. त्या दिवशी प्रदर्शनाच्या फाटकापाशी मी एकदाच मागे वळून पाहिलं. कंपनीच्या माणसानं टवक्याच्या ग्लासाच्या जागी नवा ग्लास आणून ठेवला होता. सरांनी उजवीकडच्या ग्लासात डब्यातलं औषध टाकलं, मग ढेकूळ सोडलं. ढेकूळ जसंच्या तसं राहिलं. माणसं पुढे झुकली. सरांनी तळहात उंचावून त्यांना थोपवलं.

"हलवू नका," माईकवर त्यांचा आवाज आला. "जे दिसाचं थे आपोआप दिसते."

हलवत कोणीच नव्हतं.